उंदीर हुशार, की आपली परीक्षा चुकली?



गेवराई तालुक्यात गोदाकाठच्या एका शिवारात उंदरांनी हरभऱ्याच्या घाट्यांचा फडशा पाडला होता. मालकाने झिंक फॉस्फाईडचे आमिष थेट बिळांत टाकले. पहिल्या रात्री चार-दोन उंदीर मेले. नंतर आमिष जसेच्या तसे. मालक म्हणाले, "साहेब, औषधात भेसळ दिसतीय." मालकीणबाई म्हणाल्या, "भेसळ कशाची? उंदीरच सरलेत."

संध्याकाळी आम्ही सारी बिळे चिखलाने बुजवली. सकाळी निम्म्याहून अधिक उकरलेली! उंदीर होते, पण आमिषाला शिवत नव्हते. थोडे खाऊन पोट बिघडले, की उंदीर ती चव विसरत नाही.

शास्त्रज्ञांनाही हा पेच पडला होता. 1966 साली अमेरिकेत गार्सिया व कोलिंग यांनी उंदरांना चवदार पाणी दिले; पिताना दिवा लागे, आवाज होई. नंतर ज्यांना आजारी पाडले त्यांनी ती चव टाळली, दिवा-आवाज मात्र टाळला नाही. ज्यांना विजेचा झटका दिला, त्यांचे नेमके उलटे झाले. आजारी उंदराची परीक्षा नुसत्या दिव्याने घेतली असती, तर तो मठ्ठ ठरला असता. चूक परीक्षेची, उंदराची नव्हे. शिवाय प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर पिंजऱ्यात वाढलेला. रानउंदरासारखा तो नव्या वस्तूला बिचकत नाही. म्हणून तिथला निकाल जसाच्या तसा शिवाराला लावू नये.

आता करावे ते असे. उकरलेल्या बिळांतच दोन दिवस तेल लावलेली साधी ज्वारीची भरड ठेवा. उंदीर सरावले, की तिसऱ्या दिवशी 96 भाग भरड, 2 भाग गोडेतेल व 2 भाग झिंक फॉस्फाईड काठीने कालवून द्या. हात उघडा नको. या विषावर उतारा नाही. लेकरे, जनावरे, कोंबड्या दूर ठेवा. मेलेले उंदीर व उरलेले आमिष खोल पुरा.

दोन दिवसांनी बिळे पुन्हा बुजवून मोजा. तरीही काही उकरलेली दिसली, तर तेच विष लगेच देऊ नका. ब्रोमॅडिओलोन सावकाश, काही दिवसांनी मारते; त्यामुळे उंदराला आमिषाचा संशय येत नाही.

आणि शेजाऱ्यालाही सोबत घ्या. बांध उंदराला अडवत नाही.