चालता लॅपटॉप भंगारात का?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती बंद केली. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते. म्हणजे धडधाकट यंत्राला सक्तीची निवृत्ती! आम्ही ती मानली नाही. रायपूरच्या चौबे कॉलोनीत एका सेवानिवृत्त बंधूंच्या चार जीबीच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बसविली. आधी पेन्शनचे कागद, नातवंडांचे फोटो दुसरीकडे उतरवून घेतले (डिस्क कोरी होते, बंधूंनो!). पेनड्राइव्हवरून चालवून पाहिले, वायफाय लागले, तेव्हाच पुढे गेलो. मराठी टंकता येते. प्रिंटरने मात्र दोन संध्याकाळी खाल्ल्या. लायसन्सचा एक पैसाही लागला नाही. शाखांनी नवी खरेदी करण्यापूर्वी कपाटातली जुनी यंत्रे बाहेर काढावीत, फेडरेशनने त्यासाठी एक दिवसाचा वर्ग घ्यावा, ही आमची मागणी आहे.