शेतकऱ्याचा शिधा व सरकारी तिजोरी

जमीनधारकानें स्वस्त धान्याच्या दुकानापुढें उभें राहावें, हें आमच्यापैकीं पुष्कळांस कमीपणाचें वाटतें. वडिलांच्या वेळीं ज्वारीचें पेव भरलेलें असे, व दाण्याची चिंता नसे. आतां आसेगावच्या शिवारांत खरिपास चोहोंकडे सोयाबीन व मधून तुरीच्या ओळी. सोयाबीन विकावयाचें पीक. तें शिजवून पोट भरत नाहीं. म्हणजे ज्याच्या नांवावर चार एकर आहेत तोही दाणा विकतच घेतो. आणि त्याच्या हातीं पैसा येतो तो दिवाळीच्या सुमारास. आषाढ-श्रावणांत, पेरणीचें कर्ज अंगावर असतां, हात रिकामा. हें ध्यानांत घेतलें म्हणजे शिधापत्रिकेची लाज बाळगण्याचें कारण उरत नाहीं.

मराठवाड्याचे ८, अमरावती विभागाचे ५ व वर्धा अशा १४ जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांस राज्य सरकारनें २०१५ सालीं दरमहा माणशीं ५ किलो धान्य देऊं केलें. गहू २ रुपये व तांदूळ ३ रुपये किलो. आपला वाशीम जिल्हा त्यांतच येतो. २०२२ सालीं भारतीय अन्न महामंडळानें, राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याबाहेरील अशा योजनेस धान्य मिळणार नाहीं, असें कळविलें. मग फेब्रुवारी २०२३ मध्यें ठरलें कीं, त्या जानेवारीपासून धान्याऐवजीं माणशीं १५० रुपये बँकेच्या खात्यांत जमा करावे. २०२४ सालीं ते १७० झाले. पांच माणसांच्या घरास महिना ८५० रुपये.

ही रक्कम पुरेशी आहे काय, हा वाद तूर्त बाजूस ठेवूं. ती वेळेवर येत नाहीं, हें आमचें मुख्य गाऱ्हाणें. हप्ते महिनोन्महिने रखडल्याच्या तक्रारी या जिल्ह्यांतून वारंवार झाल्या आहेत. दुकानांत पोतीं न आल्यास साऱ्या गावास दिसत असे व चारचौघांत ओरड होई. खात्यांतील रक्कम न आल्यास प्रत्येकजण समजतो कीं, आपल्याच आधार-जोडणींत कांहीं खोट असेल, आणि मजुरी बुडवून तालुक्यास खेप घालतो. पुढें साचलेली रक्कम एकदम आली कीं ती खतवाल्याच्या उधारींत जाते. ज्या महिन्यांत घरांत उसनें पीठ आणावें लागलें, तो महिना मात्र गेलेला असतो.

याचें मूळ असें कीं, ही मदत कायद्यावर उभी नसून शासन निर्णयावर उभी आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या ८ व्या कलमान्वयें धान्य न मिळाल्यास लाभार्थी भत्त्याचा हक्कदार ठरतो. २०१५ च्या नियमांत तो भत्ता आधारभूत किंमतीच्या सव्वापटींतून शिध्याचा दर वजा करून काढावा, असें आहे. आम्हां १४ जिल्ह्यांच्या केशरी पत्रिकेस असा हक्क नाहीं. तरतूद आटली कीं हप्ता थांबला.

कायदा असूनही खजिन्याची वाट अडूं शकते, ही गोष्ट वेगळी. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशांत २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत अंदाजपत्रकाच्या तंट्यानें सरकारी कारभार ४३ दिवस बंद होता, आणि सुमारें ४ कोटी २० लाख लोकांच्या अन्नसाहाय्यास नोव्हेंबरांत खीळ बसली. प्रकरण न्यायालयांपर्यंत गेलें.

यावर उपाय परक्या मुलखांत शोधावयास नको. आपल्याच राज्यानें १९७५ सालीं व्यवसाय कर बसविला, त्याच्या उत्पन्नाइतकीच भर तिजोरींतून घालण्याचें ठरविलें आणि रोजगार हमीचा स्वतंत्र निधी उभारला. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलांत आला. शहरांतील पगारदाराच्या करांतून दुष्काळी गावांतील मजुराची मजुरी निघे. शिध्याच्या रकमेसाठींही असाच निधी असावा; वर्षाची रक्कम एप्रिलांतच त्यांत वेगळी पडावी; प्रत्येक महिन्याची तारीख ठरलेली असावी, आणि ती चुकल्यास भरपाई अर्ज न करतां मिळावी. कोणत्या महिन्याची रक्कम आली व कोणत्या महिन्याची थकली, याचा फलक ग्रामपंचायतींत लागावा, म्हणजे ज्याला त्याला आपल्याच खात्याचा संशय येणार नाहीं.

तोंवर आपल्या संघाच्या सभासदांनीं एक करावें. खातेपुस्तक भरून आणावें, जमेच्या तारखा एका कागदावर उतरून घ्याव्या आणि तो कागद येत्या मासिक सभेस बरोबर आणावा. गावोगावचे कागद एकत्र जोडून एकच निवेदन तहसीलदारांकडे नेतां येईल.