बाळाचे वावडे आणि आईचे पथ्य

ऑगस्टचा पहिला आठवडा दरवर्षी स्तनपान सप्ताह म्हणून पाळला जातो. रुग्णालयांच्या भिंतींवर भित्तिपत्रके लागतात, आरोग्य खात्याची पत्रके निघतात आणि आईच्या दुधाला पर्याय नाही, हे वचन पुन्हा एकदा उच्चारले जाते. ते वचन खरेच आहे. परंतु ज्या आईने ते मनोभावे स्वीकारले, तिच्यापुढे अलीकडे एक निराळाच प्रश्न उभा राहू लागला आहे. मूल रडते, त्याचे पोट फुगते, ते दूध टाकते, त्याच्या अंगावर पुरळ उठते; आणि घरातील वडीलधाऱ्यांपासून दवाखान्यापर्यंत सर्वत्र तिला एकच विचारणा होते : ‘काल काय खाल्लं होतंस?’ या विचारणेचे उत्तर म्हणून तिच्या ताटातून प्रथम दूध जाते; मग दही, ताक आणि पनीर; त्यानंतर गहू, शेंगदाणे, अंडी, सोयाबीन. काही आठवड्यांनी ताटात मऊ भात आणि दुधी भोपळा एवढेच उरते. मूल कधी शांत होते, कधी होत नाही. गेलेले पदार्थ मात्र सहसा परत येत नाहीत.

संशयित पदार्थ आईच्या आहारातून वगळण्याच्या या पद्धतीला वैद्यकात ‘एलिमिनेशन डाएट’ म्हणतात. ही मुळात एक परीक्षा आहे. रक्ताची तपासणी करतात, क्ष-किरण चित्र काढतात, त्याच जातीची. परीक्षेला आरंभ असतो तसा शेवटही असतो. तो शेवट विसरला गेला, म्हणजे परीक्षेचेच पथ्य होते आणि पथ्याचे व्रत होते. आज अनेक सुशिक्षित घरांत नेमके हेच घडत आहे.

ते सहज घडते, याचे कारण आपल्या परंपरेत शोधता येते. आईच्या आहारविहाराने दूध दूषित होते व त्यामुळे मूल आजारी पडते, ही कल्पना आयुर्वेदाला परिचित आहे. चरकसंहितेत आठ क्षीरदोषांचे वर्णन असून त्यांवरील उपचार दूध पाजणाऱ्या स्त्रीवर करावयाचे आहेत. मराठी घरांतील बाळंतिणीचा आहारही याच समजुतीवर उभा आहे. वांगे, पावटे व हरभऱ्याची डाळ वातूळ म्हणून वर्ज्य. आंबट आणि गार वर्ज्य. तथापि या परंपरेची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. तिने काही काढून घेतले, तसेच पुष्कळ देऊही केले. डिंकाचे व आळिवाचे लाडू, मेथी, शेपू, खसखशीची खीर, बाळंतशोपा आणि सढळ हाताने तूप. नव्या पथ्यात काढून घेणे तेवढे शिल्लक राहिले आणि देण्याचा भाग गळून पडला.

या पद्धतीला शास्त्रीय आधार नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. स्वीडनमधील माल्मो येथील याकोबसॉन आणि लिंडबर्ग या संशोधकांनी १९७८ साली ‘लॅन्सेट’ नियतकालिकात एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध केला. पोटशुळाने रडणाऱ्या, अंगावर पिणाऱ्या १८ बालकांच्या मातांना त्यांनी गाईचे दूध वर्ज्य करावयास सांगितले. त्यांपैकी १३ बालकांचा त्रास थांबला. १९८३ साली त्यांनी ६६ माता-बालकांचा अधिक काटेकोर अभ्यास केला. आईने दूध सोडल्यावर ३५ बालके शांत झाली. परंतु आईला पुन्हा दूध देऊन पाहिले, तेव्हा किमान दोन वेळा त्रास उलटला तो त्यांतील २३ बालकांनाच. उरलेल्या १२ बालकांच्या बाबतीत दूध आणि रडणे यांचा संबंध सिद्ध झाला नाही. पुन्हा देऊन पाहण्याची ही दुसरी पायरी गाळली असती, तर त्या १२ मातांनीही आपल्या मुलांना दुधाचे वावडे आहे, असेच मानले असते.

आज हीच दुसरी पायरी सर्रास गाळली जाते. तान्ह्या मुलाचे रडणे जन्मानंतर वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास ते शिगेला पोहोचते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बहुधा आपोआप ओसरते. आई टेकीस येते ती साधारणपणे सहाव्या आठवड्यातच. त्या वेळी कोणतेही पथ्य सुरू केले, ताईत बांधला किंवा ग्राइप वॉटर पाजले, तरी पुढच्या महिन्यात मूल शांत होण्याचा संभव मोठा. काळाने केलेल्या कामाचे श्रेय उपायाला मिळते. दृष्ट काढणाऱ्या आजीला हसणारी पिढी तीच चूक नव्या शब्दांत करीत आहे.

खरे वावडे किती मुलांना असते? युरोपातील नऊ देशांत सुमारे १२ हजार बालकांचा जन्मापासून मागोवा घेणाऱ्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रत्यक्ष दूध देऊन खात्री केल्यावर, पहिल्या दोन वर्षांत ०.५४ टक्के बालकांनाच गाईच्या दुधाचे वावडे आढळले. शौचावाटे रक्त दिसले की आई-वडिलांच्या पायांखालची जमीन सरकते आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु अशा ४० बालकांच्या, फिनलंडमधून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ १८ टक्के बालकांत दुधाचे वावडे निश्चित झाले. २०२० साली ‘जामा पीडियाट्रिक्स’मध्ये आलेल्या एका समीक्षेने तर असा निष्कर्ष काढला की, वावडे सिद्ध झालेल्या बालकांपैकीही ९९ टक्क्यांहून अधिकांना बाधा व्हावी इतके गाईच्या दुधाचे प्रथिन आईच्या दुधात उतरत नाही. हा निष्कर्ष सर्व तज्ज्ञांना मान्य आहे असे नव्हे. तरीही दर रडणाऱ्या मुलामागे वावडे शोधण्याच्या प्रवृत्तीला त्याने योग्य तो लगाम घातला आहे.

अज्ञानाची भर पडून गोंधळ आणखी वाढतो. दुधातील प्रथिनाचे वावडे आणि दुधातील साखर न पचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बोलण्यात मात्र त्या सरमिसळ होतात. लॅक्टोज नावाची ही साखर आईच्या स्तनातच तयार होते आणि तिचे प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास असते. आईने दुधाचा थेंबही घेतला नाही, तरी ते कमी होत नाही. तेव्हा मुलाला लॅक्टोज पचत नाही म्हणून आईचे दूध-दही बंद करणे म्हणजे विहिरीचे पाणी खारट लागते म्हणून नदीला बांध घालण्यासारखे आहे. दुसरा गैरसमज याच्या उलट. खरोखरच वावडे असलेल्या मुलाच्या आईला ‘गाईचे दूध सोड, म्हशीचे घे’ असा सल्ला मिळतो. गाय, म्हैस आणि शेळी यांच्या दुधांतील प्रथिने इतकी मिळतीजुळती असतात की, एकाचे वावडे असलेल्या बहुतेकांना दुसरेही सोसत नाही. अशा आईला पथ्याचा जाच होतो आणि परीक्षा मात्र होतच नाही.

आईने चार पदार्थ खाल्ले नाहीत तर बिघडले कुठे, असा प्रश्न विचारला जाईल. सुदृढ, संपन्न आणि सामिष आहार घेणाऱ्या समाजात तो कदाचित शोभला असता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या. शाकाहारी घरांत कॅल्शियमचा आणि त्याहून अधिक ब-१२ या जीवनसत्त्वाचा मुख्य आधार दूध हाच असतो. पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींचा जो अभ्यास डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, त्यात सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांत ब-१२ चे प्रमाण कमी आढळले. अशा स्त्रीने महिनोन् महिने दूध वर्ज्य केले आणि त्याची भरपाई कोणी केली नाही, तर तिच्या दुधातील ब-१२ ही घटते. आईत या जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता असली, तर केवळ अंगावर पिणारे मूल फिकट व निस्तेज होते, शिकलेले हसणे-बसणे विसरते आणि त्याच्या अंगाला कंप सुटतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांना हा विकार अनेक दशकांपासून माहीत आहे. मुलाच्या पुरळावर उपाय म्हणून सुरू केलेले पथ्य त्याच्या मेंदूच्या वाढीवर बेतावे, हा व्यवहार निश्चितच तोट्याचा होय.

या पथ्याची परिणती पुष्कळदा वेगळ्याच ठिकाणी होते. अर्धपोटी, जागरणाने थकलेली आणि ‘माझ्याच दुधाने मुलाला त्रास होतो’ या अपराधी भावनेने खचलेली आई अखेर अंगावर पाजणे सोडते आणि डब्याकडे वळते. तेथे डबेवाल्यांचा हितसंबंध सुरू होतो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०१८ साली दिलेल्या माहितीनुसार, इंग्लंडमध्ये दुधाच्या वावड्यासाठी लिहून दिल्या जाणाऱ्या खास डब्यांच्या चिठ्ठ्या २००६ साली सुमारे एक लाख पाच हजार होत्या, २०१६ साली त्या सहा लाखांवर गेल्या. सरकारी आरोग्यसेवेचा त्यावरील वार्षिक खर्च ८१ लाख पौंडांवरून सहा कोटींवर पोहोचला. वावडे त्याच प्रमाणात वाढल्याचा पुरावा मात्र नव्हता. निदानाची मार्गदर्शक तत्त्वे लिहिणाऱ्या अनेक तज्ज्ञांचे उत्पादक कंपन्यांशी आर्थिक संबंध होते, हेही त्याच लेखाने दाखवून दिले. रडणे, कुशी बदलणे, रात्री जागणे या शैशवाच्या सहज अवस्थांना रोगाचे रूप देऊन डबे खपविले जातात, असा आक्षेप ‘लॅन्सेट’च्या २०२३ च्या स्तनपानविषयक लेखमालेनेही घेतला.

भारताला हा धोका परका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने १९८१ साली ११८ विरुद्ध एक अशा मतांनी डब्यातील दुधाच्या विक्रीविषयक आंतरराष्ट्रीय संहिता संमत केली. विरोधातले एकमेव मत अमेरिकेचे होते. त्या संहितेला अनुसरून भारताने १९९२ साली कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला. शिशुदुधाच्या जाहिरातीवर तर बंदी आहेच; शिवाय डॉक्टरांच्या परिषदांना व चर्चासत्रांना या कंपन्यांनी पैसा पुरविणेही निषिद्ध आहे. कायदा चांगला आहे. प्रश्न अंमलबजावणीचा आहे. ‘खास वैद्यकीय आहार’ असे नाव घेऊन येणारा डबा त्याच कायद्याच्या नजरेतून तपासला जातो की नाही, इकडे शासनाने लक्ष पुरविले पाहिजे.

या विवेचनाचा अर्थ आईची तक्रार हसण्यावारी न्यावी, असा कोणी काढू नये. काही मुलांना वावडे असते, ते आईच्या आहारातूनही बाधू शकते आणि योग्य वेळी केलेल्या पथ्याने अशी मुले सुधारतात, हे निर्विवाद आहे. शौचात वारंवार रक्त, न हटणारा इसब, वजन न वाढणे ही लक्षणे घेऊन आलेल्या आईला ‘मुले रडतातच’ म्हणून परत पाठविणे हाही अन्यायच. किंबहुना दहा वेळा तिचे ऐकून न घेता अकराव्या वेळी एकदम दहा पदार्थ बंद करणारी वैद्यकीय पद्धती हीच खरी दोषी आहे. दोन मिनिटांच्या तपासणीत पथ्य सांगणे सोपे. ते निभावून नेण्यास आईला साह्य करणे आणि वेळेवर सोडविणे कठीण.

म्हणून काही साध्या गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. ज्या चिठ्ठीवर पथ्य लिहिले जाते, त्याच चिठ्ठीवर ते संपण्याची तारीखही असावी. दोन ते चार आठवड्यांत फरक पडला नाही, तर पदार्थ ताटात परत यावा. फरक पडला, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पुन्हा देऊन खात्री करावी. त्रास उलटला तरच पथ्य पुढे चालवावे, आणि तेही मुलाला पुढे ते सोसते का, हे अधूनमधून तपासत. मुलाला लगेच व तीव्र बाधा झाली असेल, तर घरच्या घरी प्रयोग करू नये. जे काढले जाते त्याची भरपाई त्याच दिवशी सांगितली जावी : नाचणी, तीळ, राजगिरा आणि आळीव, चालत असतील त्यांना अंडी व मासे, कॅल्शियमची आणि शाकाहारी स्त्रियांसाठी ब-१२ ची गोळी. एका वेळी दहा पदार्थ बंद करू नयेत, कारण मग दोषी कोण हे कधीच कळत नाही. आशा कार्यकर्त्या आणि अंगणवाडी सेविका यांच्या प्रशिक्षणात स्तनपानाच्या प्रचाराबरोबरच पाजणाऱ्या आईच्या ताटाचा विचार असला पाहिजे. आणि घरातल्या मंडळींनी तिला काय खाल्लेस हे विचारण्याआधी पोटभर खाल्लेस का, हे विचारले पाहिजे.

आपल्या समाजात स्त्रीच्या त्यागाचे कौतुक करण्याची हौस मोठी आहे. मुलासाठी सर्व सोडणारी आई सर्वांनाच आदर्श वाटते आणि तिने सोडलेल्या घासाचा हिशेब कोणी ठेवीत नाही. परंतु तिच्या ताटातला घास हाच मुलाचाही घास असतो. तो काढून घ्यावयाचा असेल, तर त्याला सबळ कारण असले पाहिजे. आणि ते कारण संपताच तो तिला परत मिळाला पाहिजे.