गाडी उंच, आस तिथेच

सुट्टीच्या दिवशी पहाटे म्हैसूरहून हुणसूर रस्त्यानं कोडगूकडे निघालेल्या जिम्नी आणि थार बघा. बऱ्याच गाड्या दोन इंच तरी उचललेल्या असतात. आमच्या भाच्यालाही तेच हवंय. घरात जुनी जिप्सी मी हाकते, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला: "मावशी, सगळ्यात स्वस्त किट कुठलं घेऊ?"

स्वस्त किट म्हणजे बहुतेक वेळा स्पेसर, कॉइल स्प्रिंगला जोडून बसवायची जाड चकती. त्यानं बॉडी वर जाते. पण जिम्नीला पुढे-मागे अखंड आस आहे आणि दगडाला आधी लागतं ते आसावरचं डिफरन्शियल. ५० मिलिमीटरचा स्पेसर टाकला तरी त्याच्याखालची जागा एका मिलिमीटरनंही वाढत नाही. ती वाढते टायरनं, तीही व्यासाच्या निम्मी. कंपनीच्या १९५/८० आर१५ ऐवजी २१५/७५ आर१५ चढवला तर व्यास साधारण १० मिलिमीटर वाढतो. हाती लागतात ५.

लिफ्ट अगदीच निरुपयोगी, असं नाही. आपल्याकडच्या पाच दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस २५९० मिलिमीटर, तीन दारांच्या जिम्नीपेक्षा ३४० नं जास्त. बांध ओलांडताना तिचं पोट टेकतं, तिथे उंची कामाला येते. पण उंचीबरोबर बाकीचंही हलतं. पुढचा आस धरणाऱ्या दांड्या खाली झुकतात, कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कललेला कोन, कमी होतो आणि हायवेवर स्टिअरिंग भरकटायला लागतं. आसाला मधोमध धरणारा आडवा पॅनहार्ड रॉड त्याला एका बाजूला ओढतो. ब्रेकचे होज ताणतात. शॉकअप मूळ लांबीचेच ठेवले तर खड्ड्यात चाक खाली उतरायला जागा उरत नाही, आणि खडबडीत वाटेवर नेमकं तेच हवं असतं. मडिकेरीजवळ मांदलपट्टीला पर्यटकांना नेणाऱ्या जुन्या जीप तर पाट्यांच्या स्प्रिंगांवरच चढतात. तिथल्या चालकांना दगड पाठ असतात, हे किट मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही.

"पण दिसते भारी," भाचा म्हणतो. दिसते खरी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मात्र दिसण्याकडे बघत नाही. उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. किट विकणारा हे क्वचितच सांगतो. त्यामुळे आधी आरटीओत विचारावं, विमा कंपनीला लेखी कळवावं, मग पाकीट उघडावं.

माझ्या मते पैसे मोजके असतील तर पहिला खर्च चांगल्या टायरांवर, दुसरा पोटाखालच्या जाड पत्र्यावर. एवढं करूनही बांधावर अडत असेल, तरच दीड इंचापर्यंतच्या स्प्रिंगा घ्याव्यात. त्याही रोजच्या वजनाला जुळणाऱ्या. छपरावर तंबू नसताना जड मालाच्या स्प्रिंगा बसवल्या तर मागच्या सीटवर कुणी बसायला तयार होत नाही. शॉकअप आणि कॅस्टरचे बुश त्याच बिलात धरावेत, पुढच्या पगारावर ढकलू नयेत.