चंद्रावरची वाट कोणाची?

२७ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर ‘प्रज्ञान’ रोव्हरच्या वाटेत चार मीटर व्यासाचे विवर आले. ते तीन मीटरवर असतानाच दिसले आणि रोव्हरला माघारी वळवावे लागले. पृथ्वीबाहेरील रस्त्यांचा विचार मला तेव्हापासून कल्पनाविलास वाटत नाही.

चंद्रावर वारा-पाणी नसल्याने धुळीचे कण झिजत नाहीत, ते धारदारच राहतात. अपोलो मोहिमांत या धुळीने अंतराळवीरांचे पोशाखही खरवडले. युरोपीय अंतराळ संस्थेच्या प्रयोगात कृत्रिम चंद्रधूळ लेझरने वितळवून एकमेकींत गुंतणाऱ्या फरश्या घडवल्या गेल्या. म्हणजे तंत्र जमेल.

चिंता आहे ती हक्काची. १९६७ चा बाह्य अवकाश करार चंद्रावर कोणत्याही राष्ट्राची मालकी मानत नाही. परंतु दक्षिण ध्रुवाजवळ दीर्घकाळ ऊन मिळणारे उंचवटे मोजकेच आहेत. तेथे पहिली फरसबंदी करणारा मालक नसेल, पण वहिवाट त्याचीच होईल. अक्साई चीनमधला रस्ता पूर्ण झाल्याचे चीनने १९५७ मध्ये जाहीर केले. आपला हक्क नकाशावर राहिला, ताबा मात्र गेला.

जून २०२३ मध्ये भारताने आर्टेमिस करारावर सही केली. त्यातील ‘सुरक्षा क्षेत्रे’ तात्पुरती असावीत, असे म्हटले आहे. किती रुंद आणि किती वर्षे, हे नाही. २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय उतरवू पाहणाऱ्या देशाने वाटेच्या हक्काचा मसुदा स्वतःच पुढे करावा, तोही संयुक्त राष्ट्रांच्या अवकाशविषयक समितीत. चीन आणि रशिया आर्टेमिसबाहेर आहेत, पण त्या समितीत आहेत.