यंत्र आलं, पण कुणाच्या हाती?

लादी पुसणं हे बाईचंच काम, हे आपल्या समाजाने इतकं गृहीत धरलंय की ते घराबाहेर, पगारावर केलं तरी त्याला कौशल्य म्हणून किंमत मिळत नाही. मात्र तीच लादी घासायला विजेचं यंत्र आलं, की ते चालवायला पुरुष येतो. त्याला म्हणायचं 'ऑपरेटर' आणि तिला 'मावशी'. पगारही अर्थात त्याला जास्त.

कंत्राटी सफाई कामगार बायांबरोबर काम करताना मी हे ठिकठिकाणी पाहिलं आहे. एका इस्पितळातल्या मुकादमाला कारण विचारलं. म्हणाला, "ताई, मशीन जड असतं. बायकांना झेपायचं नाही." भरलेल्या बादल्या घेऊन दिवसभर जिने चढणाऱ्या बायांबद्दल तो हे बोलत होता!

मुळात हे यंत्र ताकदीवर चालतच नाही. एका गोल ब्रशचं यंत्र घ्या. मूठ जराशी उचलली की ते एका बाजूला सरकतं, खाली दाबली की दुसऱ्या बाजूला. जोर लावून ढकलणाऱ्याच्या हातून ते निसटतं. दुसऱ्या प्रकारचं यंत्र पुढे घासतं आणि मागच्या रबरी पट्टीने मळकं पाणी गोळा करून टाकीत ओढून घेतं. लादी लवकर कोरडी होते, घसरून पडण्याची भीती कमी होते. यात लागतो तो सराव, आणि सराव शिकवल्याने होतो.

प्रश्न आहे तो शिकवण्याचा. पुरुषालाही बहुतेक ठिकाणी अर्ध्या तासात 'हे बटण, ही मूठ' एवढंच दाखवतात. पाणी आणि वीज एकत्र आली की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. तीन पिनांचा प्लग, चांगलं अर्थिंग आणि करंट गळला तर लगेच वीज तोडणारा स्विच हवाच. वायर ब्रशच्या वाटेत येता कामा नये. ती मागे राहिली पाहिजे. ब्रश बदलण्याआधी प्लग काढायचा. पदर, ओढणी, मोकळी वेणी खोचून घ्यायची. पायात स्लिपर नको, न घसरणारे बंद बूट हवेत. बॅटरीचं यंत्र चार्ज होताना हायड्रोजन वायू निघू शकतो, म्हणून ते कोंदट खोलीत लावायचं नाही.

सगळ्यात मोठा धोका बाटल्यांचा. बिनचिठ्ठीच्या, पाण्याच्या जुन्या बाटल्यांतून औषधं दिली जातात. संगमरवर, कोटा, शहाबादी हे चुन्याच्या अंशाचे दगड. त्यांना अॅसिड खातं. आणि ब्लीचिंगमध्ये अॅसिड मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद संडासात तो जिवावर बेततो. बाटलीत काय आहे हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे, तो आपला हक्क आहे.

काही मैत्रिणी म्हणतात, "यंत्र नकोच. चौघींचं काम एक यंत्र करील, मग आम्ही कुठे जायचं?" ही भीती खरी आहे. पण वर्षानुवर्षं वाकून, उकिडवं बसून झिजलेले गुडघे आणि धरलेली कंबर हीसुद्धा तेवढीच खरी. माझं मत असं, की यंत्राला नाही, यंत्राच्या नावाने होणाऱ्या कपातीला विरोध करावा.

१९७६ च्या समान वेतन कायद्यात १९८७ साली दुरुस्ती झाली आणि भरतीनंतर बढती व प्रशिक्षणातही बाईला डावलता येणार नाही, असं त्यात आलं. आता त्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे. समान कामाला समान वेतन हे तत्त्व तिच्यातही आहे. पण यंत्राला हातच लावू दिला नाही, तर 'समान काम' होणार तरी कसं?

म्हणून मागण्या साध्या आहेत. यंत्र येईल तिथे आधी जुन्या सफाई कामगार बायांना पगारी वेळेत शिकवा. बूट, हातमोजे, दुरुस्त वायर कंत्राटदाराने द्यावी. बाटलीवर मराठीत नाव लिहा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना तोंडी समजावून सांगा. ऑपरेटरचा पगार बाईलाही द्या. आणि एकीलाही कामावरून काढू नका.

तुमच्या गावात, तुमच्या इस्पितळात ते यंत्र कोण चालवतं? एकदा पाहा, आणि आम्हाला जरूर कळवा.