पक्षी, कॅमेरा आणि सरकारी आदेश

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. आग्र्याला एका बैठकीसाठी गेले असता हाताशी एक रविवार मोकळा मिळाला आणि मी भरतपूरचे केवलादेव घाना पाहायला गेले. गळ्यात उसना आणलेला कॅमेरा आणि त्यात छत्तीस चित्रांचा एकच रोल. तिथे सायकलरिक्षा चालवणारेच वाटाड्याचेही काम करतात. वन विभागाने त्यांना तसे प्रशिक्षण दिलेले असते. बाभळीच्या झाडांवर चित्रबलाकांची घरटी होती. एक पिल्लू नीट टिपता यावे म्हणून मी बांधावरून खाली उतरू लागले, तेव्हा आमचा सरदारजी रिक्षावाला शांतपणे म्हणाला, "मॅडम, आप उतरेंगी तो माँ उड़ जाएगी, और बच्चा धूप में रह जाएगा." मी परत फिरले. फोटो राहिला, पण एक धडा मिळाला. कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या माणसाला तो पक्षी जास्त ठाऊक होता.

हा प्रसंग मला पुढे अनेकदा आठवला, कारण पक्षिसंरक्षणाच्या आपल्या सरकारी प्रयत्नांत नेमक्या अशाच माणसाला विचारायचे राहून जाते.

केवलादेवचे जंगल हे निसर्गाने आयते दिलेले नाही. भरतपूरच्या संस्थानिकांनी अजान बांधाचे पाणी खोलगट जमिनीत सोडून ते घडवले आणि घडवले ते शिकारीसाठी. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत एका दिवसात चार हजारांहून अधिक पक्षी मारले गेले. त्याची नोंद असलेला दगड आजही तिथे उभा आहे. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. डॉ. सालिम अली यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांमुळे शिकारीची जागा अभयारण्याने घेतली. १९८१ मध्ये रामसर यादीत त्याचे नाव आले, लगोलग राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९८५ मध्ये ते जागतिक वारसास्थळ ठरले. सुमारे एकोणतीस चौरस किलोमीटरच्या तुकड्याला एवढा मान क्वचितच मिळतो.

या मानाच्या मध्यावर १९८२ साल आहे. राष्ट्रीय उद्यान म्हटले की चराई बंद, हा नियम. आजूबाजूच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात चरत होत्या. त्यांना एकाएकी मज्जाव झाला. पर्यायी चाऱ्याची सोय झाली नाही. गावकरी चिडले, संघर्ष झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मेली. पक्ष्यांच्या नावाने माणसांचे रक्त सांडले, ही प्रशासनाच्या इतिहासातली लाजिरवाणी नोंद आहे.

आणि एवढे करून पक्ष्यांचे भले झाले का? मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी तिथे अनेक वर्षे अभ्यास केला. म्हशी खात असलेले पाणगवत त्या गेल्यावर बेसुमार वाढले. उघडे पाणी कमी झाले. ज्या पाणपक्ष्यांना आणि माशांना मोकळे पाणी लागते त्यांची अडचण झाली. म्हशी या तिथल्या व्यवस्थेचाच एक भाग होत्या, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष निघाला. विशेष म्हणजे याच संस्थेशी जोडलेल्या तज्ज्ञांचा कौल सुरुवातीला चराईबंदीच्या बाजूने होता. आपले मत चुकले हे पुराव्यानिशी मांडण्याचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. आपल्या फायलींमध्ये तो फारसा आढळत नाही. पुढे गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची मुभा द्यावी लागली. जे आधी विचारून करता आले असते, तेच नंतर नाइलाजाने केले.

कुंपणाची दुसरी मर्यादा पाण्याने दाखवून दिली. वरच्या बाजूला करौली जिल्ह्यात पांचना धरण झाले. तिथल्या शेतकऱ्यांनाही पाणी हवेच होते. पाऊस कमी झाला की उद्यान कोरडे पडू लागले. अखेर चंबळ आणि गोवर्धन ड्रेन इथून पाणी आणावे लागले. थंडीत सायबेरियाहून इथे येणारे पांढरेशुभ्र क्रौंच तर २००२ नंतर दिसलेच नाहीत. त्याचा दोष एकट्या भरतपूरला देता येणार नाही. त्यांच्या वाटेवर अफगाणिस्तान आणि पाकिस्तानात शिकार होत होती. स्थलांतर करणारा पक्षी कुठल्याच एका कलेक्टरच्या हद्दीत राहत नाही, हेच यातून दिसते.

आता दुसरे उदाहरण देते. नागालँडच्या वोखा जिल्ह्यात दोयांग जलाशय आहे. ईशान्य आशियात वीण करणारे अमूर ससाणे दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लाखोंच्या संख्येने तिथे उतरतात, वाळवीसारख्या कीटकांवर ताव मारतात आणि मग भारत व अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या दक्षिणेकडे जातात. वाटेत लोणावळ्याच्या आसपासही ते कधीकधी दिसतात. वजन दोनशे ग्रॅमहूनही कमी.

२०१२ च्या शरदात रामकी श्रीनिवासन, शशांक दळवी, बानो हरालू आदी मंडळी तिथे पोचली, तेव्हा मासेमारीची जाळी झाडांमध्ये उभी बांधलेली होती आणि रोज हजारो ससाणे त्यांत अडकत होते. एका हंगामात लाखाहून अधिक पक्षी मारले जात असावेत, असा त्यांचा अंदाज होता. त्यांनी फोटो काढले, चित्रफीत केली आणि ती जगापुढे ठेवली. सुंदर पक्ष्याचा सुंदर फोटो आपण भिंतीवर लावतो. हे फोटो भिंतीवर लावण्यासारखे नव्हते, पण माझ्या मते भारतातल्या पक्षिछायाचित्रणाचे सर्वांत मोठे काम त्यांनीच केले.

कायद्याने शिकार १९७२ पासून गुन्हाच आहे. तेव्हा पोलीस पाठवून शे-दोनशे लोकांना अटक करणे हा सोपा मार्ग होता. परंतु नागालँडमध्ये जंगल बहुतांशी गावाच्या मालकीचे आहे आणि घटनेच्या ३७१-अ कलमाने तिथल्या रूढींना संरक्षण आहे. त्यामुळे बोलणे भाग पडले. वन विभाग, स्वयंसेवी कार्यकर्ते, चर्च आणि ग्रामपरिषदा एकत्र बसल्या. पांगती आणि शेजारच्या गावांनी स्वतः ठराव करून शिकार बंद केली, दंड ठरवला. २०१३ च्या हंगामात एकही ससाणा जाळ्यात मारला गेला नाही. त्याच वर्षी तीन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रह-यंत्रे बसवली गेली आणि त्यांची नावे ठेवली गेली नागा, वोखा आणि पांगती. ज्या गावाने कालपर्यंत जाळे लावले, त्याच गावाच्या नावाचा पक्षी आफ्रिकेत पोचल्याची बातमी त्या गावातली मुले ऐकू लागली.

कोणी म्हणेल, गावकऱ्यांचे उत्पन्न बुडाले त्याचे काय? हा प्रश्न योग्यच आहे आणि तो अजून पूर्ण सुटलेला नाही. काही घरांना पाहुण्यांच्या राहण्या-जेवण्यातून पैसा मिळतो, सर्वांना नाही. दोन-अडीच महिन्यांच्या पाहुण्या पक्ष्यावर वर्षाचा संसार चालत नाही. म्हणून ठराव झाला की काम संपले, असे सरकारने समजू नये. अन्यथा जाळी पुन्हा बाहेर निघायला वेळ लागणार नाही.

दोन्ही उदाहरणांत कायदा तोच होता, हेतूही चांगलाच होता. फरक एवढाच की एका ठिकाणी आदेश आधी आला आणि संवाद नंतर, दुसऱ्या ठिकाणी संवाद आधी झाला. माझ्या तरुण सहकाऱ्यांना मी म्हणेन, की कोणत्याही पाणथळीविषयी आदेश काढण्यापूर्वी तिथल्या गुराख्याशी, कोळ्याशी, रिक्षावाल्याशी एक दिवस बोला आणि ते फाइलवर नोंदवा.

आणि ज्या वाचकांकडे आज मोठ्या लेन्सचे कॅमेरे आहेत, त्यांनाही एक विनंती. आपण अहमदाबादेत असा, कोलकात्यात असा की परदेशात, जवळच्या तळ्यावर दर वर्षी त्याच सुमारास जा. फोटोबरोबर तारीख, जागा आणि संख्या लिहून ई-बर्डसारख्या नोंदसंग्रहात घाला. तळे बुजवायला निघालेल्या माणसापुढे दहा वर्षांच्या नोंदी ठेवता आल्या, तर अधिकाऱ्याच्या हातात काही आधार येतो. रिकाम्या हातांनी आम्हालाही फार काही करता येत नाही. मात्र घरट्याजवळ जाऊ नका, त्याचा पत्ता जगाला सांगू नका आणि पक्षी पुढे यावा म्हणून ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नका.

त्या रविवारी छत्तीसपैकी एकतीस चित्रे बरी आली. चित्रबलाकाचे पिल्लू त्यांत नाही. ते सावलीत राहिले, हे मला अधिक बरे वाटते.